ताईंनंतर कोण? संस्थाचालकांच्या पत्रांना उत्तरं

प्रश्न : मी ६४ वर्षांची आहे. २६ वर्षांपूर्वी सुरू केलेल्या संस्थेची आजही कार्यकारी संचालक आहे. दोन वर्षांत दोनदा जाहिरात दिली. पहिल्या वेळी कुणी पसंत पडलं नाही, दुसऱ्या वेळी घेतलेली व्यक्ती सात महिन्यांत सोडून गेली. विश्वस्त म्हणतात, ‘ताई, तुमच्यासारखं कुणी मिळायचं नाही, तुम्हीच राहा.’ मी थकले आहे, पण संस्था वाऱ्यावर सोडवत नाही. काय करू?

उत्तर : ताई, सात महिन्यांत गेलेल्या त्या व्यक्तीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे आणि माझं मन तिथेच अडकलं. एके काळी त्या जागी मी होते.

संस्थापकांनंतर मी एका संस्थेत आले तेव्हा नियुक्तीपत्रावर ‘संचालक’ असं लिहिलं होतं. सर ‘सल्लागार’ म्हणून राहिले. खोली तीच, त्यांचं टेबलही तेच. माझं टेबल शेजारी लागलं. रजेच्या अर्जावर मी सही केली, की कर्मचारी वळून सरांकडे बघायचे. सर माझ्याशी कधीही वाईट वागले नाहीत. फक्त मोठ्या देणगीदारांचे फोन त्यांच्या मोबाईलवर यायचे आणि काय ठरलं ते मला संध्याकाळी कळायचं. अकराव्या महिन्यात मी वार्षिक अहवालातले आकडे दुरुस्त करून पाठवले. सरांनी आदल्याच दिवशी जुने आकडे पाठवले होते. एकाच संस्थेचे दोन अहवाल देणगीदाराच्या हातात पडले. त्या आठवड्यात मी राजीनामा लिहिला. मंडळाने कारण विचारलं नाही, लगेच नवी जाहिरात काढली.

म्हणून तिसरी जाहिरात देण्याआधी एक वही घ्या. महिनाभर तुमच्याकडे येणारं प्रत्येक काम, फोन, सही, भांडण त्यात टिपा. मग प्रत्येकापुढे लिहा : हे संचालकाचं, हे हिशेबनिसाचं, हे प्रकल्पप्रमुखाचं, हे कुणीच करायला नको. मी ज्या ज्या संस्थांत अशी वही लिहून घेतली, तिथे एकाच माणसाच्या अंगावर दोन-तीन पदांचं काम निघालं. ‘तुमच्यासारखं कुणी’ मिळत नाही ते यामुळे. विश्वस्त पद भरत नाहीत, तुम्हाला शोधताहेत. संस्थेला पुढची पाच वर्षं काय करायचं आहे ते मंडळाने आधी लिहावं आणि त्यावरून पदाचं वर्णन काढावं. संस्था उभी करणारा माणूस आणि उभी संस्था चालवणारा माणूस यांचे गुण बरेचदा वेगळे असतात.

मग तारीख ठरवा. फझले हसन आबेद यांनी १९७२मध्ये बांगलादेशात ब्रॅक ही स्वयंसेवी संस्था सुरू केली. २००१मध्ये, ६५व्या वर्षी, कार्यकारी संचालकपद सोडून ते अध्यक्ष झाले. अध्यक्षपदही त्यांनी ऑगस्ट २०१९मध्ये सोडलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. रोजचा कारभार आणि मंडळाची सूत्रं, दोन्ही त्यांनी हयातीतच दुसऱ्यांच्या हाती दिली. तुम्हाला मात्र लगेच अध्यक्षपदी बसण्याचा सल्ला मी देणार नाही. लहान संस्थेत त्याचा अर्थ एवढाच होतो, की नवा संचालक पुन्हा तुमच्याच हाताखाली.

देणगीदारांकडे नव्या व्यक्तीला घेऊन जा. पहिल्या भेटीत तुम्ही बोला, दुसऱ्या भेटीत तिला बोलू द्या, तिसऱ्या भेटीला जाऊच नका. बँकेतली सही, पासवर्ड, कपाटाच्या किल्ल्या एकाच दिवशी लेखी यादी करून सोपवा. त्यानंतर तीन महिने कार्यालयात पाऊल टाकू नका. जुने कार्यकर्ते घरी तक्रारी घेऊन येतील, कारण त्यांचं तुमच्यावर प्रेम आहे. त्यांना चहा द्या आणि विचारा, ‘हे तिच्याशी बोललास का?’ त्यापुढे एक शब्द नको. हे फार कठीण जातं, मला माहीत आहे. पुढे माझी स्वतःची जाण्याची वेळ आली, तेव्हा तो एक प्रश्न विचारून गप्प बसणं मला सर्वांत जड गेलं.

प्रश्न : आमच्या संचालक अचानक गेल्या. मी आठ वर्षं इथे आहे. मंडळाने तोंडी सांगितलं, ‘तूर्तास तूच बघ.’ चार महिने झाले. पगार जुनाच, सहीचे अधिकार नाहीत. कायम पदासाठी अर्ज करावा का?

उत्तर : आधी पत्र मागा. प्रभारी पद कोणत्या तारखेपर्यंत, खर्चाला मंजुरी कुठवर देता येईल, भत्ता किती, आणि निवड दुसऱ्याची झाली तर तुमचं जुनं पद राखलेलं आहे का, हे चार मुद्दे त्यात हवेत. मधला काळ हे खरं काम असतं, त्याला अधिकार लागतात. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांची संस्था १९६१मध्ये सुरू करणारे पीटर बेनेन्सन १९६७मध्ये तीव्र मतभेदांनंतर दूर झाले, तेव्हा संस्थेने अध्यक्षपदच रद्द केलं. एरिक बेकर यांनी मधला काळ सांभाळला आणि १९६८मध्ये मार्टिन एनल्स आले. संस्थेला १९७७चं शांततेचं नोबेल मिळालं ते त्यांच्याच कारकिर्दीत.

अर्ज जरूर करा आणि तसं मंडळाला आत्ताच कळवा, म्हणजे जाहिरातीचा मसुदा करण्याच्या कामात तुम्हाला ओढलं जाणार नाही. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने २०१५मध्ये अमेरिकेतल्या स्वयंसेवी संस्थांबद्दल मांडलं, की वरिष्ठ जागांपैकी जेमतेम ३० टक्के आतल्या माणसांतून भरल्या जातात. व्यवसायक्षेत्रात हे प्रमाण जवळपास दुप्पट आहे. दुसरी फळी तयार करण्याबद्दल सगळे बोलतात, पण जागा रिकामी झाली की नजर बाहेर जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या अर्जात निष्ठेची वर्षं मोजू नका. या चार महिन्यांत तुम्ही कोणते निर्णय घेतले आणि त्यांतला कोणता चुकला, ते लिहा.

प्रश्न : मी विश्वस्त आहे. तीन उमेदवारांपैकी एकाशी गप्पा इतक्या रंगल्या की सगळ्यांनी तिथेच होकार भरला. तरी पुन्हा मुलाखत घ्यावी का?

उत्तर : घ्यावी, तिघांचीही. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये निवडपद्धतींवरची जुनी संशोधनं पुन्हा तपासली. पुढे प्रत्यक्ष काम कसं होतं त्याच्याशी मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा संबंध ०.१९ निघाला आणि ठरलेल्या प्रश्नांच्या मुलाखतीचा ०.४२. पूर्ण अचूकता म्हणजे १, हे लक्षात घेतलं तर दुसरा आकडाही मोठा नाही, पण पहिल्याच्या दुप्पट आहे.

तिघांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. प्रत्येक विश्वस्ताने आपले गुण चर्चेआधी कागदावर लिहावेत, नाहीतर सगळेच अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे बघून गुण देतात. तिघांपुढे तुमचं गेल्या वर्षीचं अंदाजपत्रक ठेवा आणि विचारा, सर्वांत मोठा देणगीदार उद्या थांबला तर पहिल्या महिन्यात काय कराल? वाचायला पाऊण तास द्या. आणि पगाराचा आकडा तिघांनाही मुलाखतीआधीच कळवा.