वाचकांचे प्रश्न: सांगोल्याचे अकरा विजय आणि १९२ मतं

प्रश्न: नमस्कार. मी सांगोला तालुक्यातला (जि. सोलापूर), नोकरीमुळं बाहेर राहतो. आमच्याकडं लहानपणापासून ऐकतोय की गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार झाले आणि हा देशातला रेकॉर्ड आहे. सांगोल्यात त्यांचा शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) सोडून कधी कुणाची डाळच शिजली नाही असंही सांगतात. यातलं खरं किती?
– एक वाचक, पुणे

उत्तर: अकरा हा आकडा एकदम पक्का आहे. १९६२, १९६७, मग १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. महाराष्ट्रात एवढ्या वेळा विधानसभेवर दुसरं कुणी निवडून गेलेलं नाही. देशाचं म्हणाल तर नाही. केरळमध्ये के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले, ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा, आणि तमिळनाडूत करुणानिधीही तेरा वेळा, फक्त त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. त्यामुळं व्हॉट्सअपवर फिरतो तो 'देशातला विक्रम'वाला मेसेज पुढं पाठवू नका, आबासाहेबांचं (म्हणजे गणपतरावांचं) मोठेपण त्यावर अजिबात अवलंबून नाही.

आता डाळ शिजली नाही, हे मात्र साफ चुकीचं. वर दिलेली वर्षं परत वाचा, १९७२ नाही आणि १९९५ पण नाही. दोन्ही वेळा ते पडले. १९७२ ला इंदिरा गांधींची लाट एवढी जबरदस्त होती की काँग्रेसनं विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा घेतल्या, त्यात सांगोल्यातून काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे आले. दोनच वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी गणपतरावांना परत पाठवलं.

आणि एक गोष्ट नव्या पिढीला माहीतच नसते, गणपतराव मूळचे सांगोल्याचे नव्हतेच. गाव पेनूर, तालुका मोहोळ. वकिली करायला सांगोल्यात आले आणि तिथलेच झाले. १९६२ ची निवडणूक म्हणजे महाराष्ट्र राज्य झाल्यावरची पहिली विधानसभा, तेव्हा शेकापचे १५ आमदार आले आणि विधानसभेत तोच मुख्य विरोधी पक्ष होता. आज ऐकायला नवल वाटेल, पण बाहेरून आलेला एक वकील तेव्हाच्या काँग्रेसला त्या पक्षाच्या तिकिटावर हरवू शकत होता.

प्रश्न: १९९५ ला गणपतराव फक्त १९२ मतांनी पडले म्हणतात. एवढं काम केलेला माणूस पडतो कसा? आणि ते निवडून यायचे ते जातीच्या मतांवरच, असं आमच्याकडचे काही लोक ठासून सांगतात, त्याबद्दल काय वाटतं?
– एक वाचक, आटपाडी

उत्तर: हो, १९२ च. समोर होते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. १९२ म्हणजे किती ते जरा डोळ्यासमोर आणा, ९७ माणसांनी बापूंऐवजी आबासाहेबांना मत दिलं असतं तर निकाल फिरला असता, एका वाडीवस्तीचा विषय. तेव्हा मशीन नव्हतं, मतपत्रिका होत्या, गठ्ठे बांधून मोजायच्या, शिक्का दोन खान्यांच्या मधे पडला की मत बाद होऊ शकायचं, वाद व्हायचे. गंमत म्हणजे त्या वर्षी राज्यात वारं काँग्रेसच्या विरोधात होतं, शिवसेना-भाजपचं सरकार पहिल्यांदा आलं, आणि सांगोल्यात मात्र काँग्रेसच जिंकली. म्हणजे राज्यातलं वारं आणि तालुक्यातलं राजकारण एकच असेल असं नसतं.

जातीचं म्हणाल तर धनगर समाज सांगोल्यात मोठा आहे आणि गणपतराव त्याच समाजाचे होते, हे कुणी नाकारत नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की एवढ्यावर उत्तर संपवणं हा अन्याय आहे, त्यांच्यावरही आणि सांगोल्याच्या मतदारावरही. जातीवरच सगळं चालत असतं तर ७२ आणि ९५ झालंच नसतं. सांगोल्यात पाणी हाच विषय. माण नदी नावाला, पावसाळा गेला की कोरडी, दुष्काळ पडला की जनावरं छावणीत. त्या भागात टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी यावं म्हणून त्यांनी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांमधून वर्षानुवर्षं लढा दिला. सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती चालवून दाखवली. १९७८ आणि १९९९ ला मंत्री झाले तरी राहणी बदलली नाही, एसटीनं फिरायचे. असा माणूस ९९ ला परत उभा राहिला आणि त्याच शहाजीबापूंना हरवून परत आला, मग लोकांनी त्याला २०१४ पर्यंत सोडलं नाही. शेवटच्या वेळी तर सुमारे २५ हजारांनी, तेही वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या आसपास!

त्यांनी २०१९ ला थांबायचं ठरवलं. तेव्हा नातू अनिकेत देशमुख उभे राहिले, समोर परत शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. ९९,४६४ विरुद्ध ९८,६९६, म्हणजे बापू ७६८ नी आले. हेच बापू पुढं २०२२ ला शिवसेनेतल्या बंडावेळी गुवाहाटीवरून 'काय झाडी, काय डोंगार' म्हणून राज्यभर गाजले, आणि बऱ्याच लोकांना सांगोला तेवढ्यावरूनच कळला, याचं मला खरंच वाईट वाटतं. ३० जुलै २०२१ ला गणपतराव गेले. २०२४ ला तिरंगी लढतीत दुसरे नातू बाबासाहेब देशमुख पुन्हा सुमारे २५ हजारांनीच जिंकले आणि अख्ख्या विधानसभेत शेकापचे ते एकटेच आमदार आहेत.

प्रश्न: आमचं गाव भाळवणी भागात. तालुका पंढरपूर, कामं सगळी पंढरपूरला, पण आमदारकीचं मत सांगोल्याला. हे कुणी केलं आणि बदलणार कधी?
– एक वाचक, ता. पंढरपूर

उत्तर: २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत झालं. २००१ च्या जनगणनेवरून लोकसंख्येचा मेळ घालताना पंढरपूर तालुका चार मतदारसंघांत वाटला गेला, त्यात भाळवणी महसूल मंडळ सांगोल्याला जोडलं. २००९ ची निवडणूक पहिल्यांदा या नकाशावर झाली, आणि त्याच वेळी माढा लोकसभा मतदारसंघही नवा झाला, सांगोला त्यात गेला. तुमची अडचण खरी आहे, तहसीलदार एका गावात आणि आमदार दुसऱ्या गावात म्हटल्यावर हेलपाटे होणारच. पण घटनेप्रमाणे आता पुढची पुनर्रचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर होणार. पुनर्रचना आयोग कच्चा आराखडा छापून हरकती मागवतो, मुदत असते, तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव करून लेखी हरकत द्या. मागच्या वेळी बऱ्याच गावांना हे सगळं झाल्यावर कळलं, म्हणून आत्तापासून लक्ष ठेवा.