साहेब, माझा मेल बघितला का?

या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं बीकॉम, बीबीए, एमबीएच्या पोरापोरींची आलीत. इंटर्नशिपचे दिवस जवळ आलेत ना, आणि बिझनेस कम्युनिकेशनचा पेपर चांगल्या मार्कांनी काढलेला असला तरी खऱ्या माणसाला खरा मेल लिहायचा म्हटलं की हात थांबतो. वाचताना मला एक गोष्ट सारखी दिसत होती, आपण कसे हुशार दिसू याचीच सगळ्यांना काळजी, समोरच्यानं हे वाचून नेमकं करायचं काय ते मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. नावं छापू नका असं बहुतेकांनी सांगितलंय म्हणून नुसती गावं देते.

प्रश्न : मॅडम, मी नांदेडला एमबीए फायनान्सच्या पहिल्या वर्षाला आहे. इंटर्नशिपसाठी संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांना मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. मित्र म्हणतात ओळख लागते, नाहीतर काही होत नाही. माझा मेल आणि बायोडेटा सोबत पाठवतोय. खरंच ओळखीशिवाय होत नाही का?
(नांदेड)

ओळखीनं लवकर होतं, खोटं कशाला बोलू. पण तुझा मेल तुझ्या सख्ख्या मामाला गेला असता तरी त्यानं "हा काय म्हणायलाय" असं विचारलं असतं. विषयाच्या जागी नुसतं "रिक्वेस्ट". मग "आपल्या नामांकित व प्रतिष्ठित कंपनीची प्रगती मी सदैव आदराने पाहत आलो आहे" इथून सुरुवात, त्यात कंपनीचं नावच नाही, म्हणजे सगळ्यांना तेच गेलंय हे कुणालाही कळतं. आणि कळतंच, कारण 'टू' मधे तू सगळ्या कंपन्यांचे पत्ते एकाखाली एक टाकलेस, प्रत्येकाला बाकीच्यांची नावं दिसली असणार. इंटर्नशिप हा शब्द पार खाली, तारखा कुठंच नाहीत, आणि फाइलचं नाव "न्यू बायोडेटा फायनल २".

मी वाळूजला परचेसला होते तेव्हा दिवसभर मेलांचा नुसता पूर असायचा, त्यात आपण वाचतो काय तर पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि पहिल्या ओळीचा तुकडा, फोनवर तेवढंच दिसतं. त्या तुकड्यात काम आलं तर मेल उघडतो, नाहीतर "नंतर बघू", आणि नंतर कोण बघतंय.

तुझ्याच बायोडेटातून काढून मी असा लिहिलाय, बघ :

विषय : एमबीए फायनान्स विद्यार्थी, १ मे ते ३० जून इंटर्नशिप, अकाउंट्स विभाग

"नमस्कार सर, मी नांदेडला एमबीए फायनान्सच्या पहिल्या वर्षाला आहे. १ मे ते ३० जून या काळात आपल्या अकाउंट्स विभागात इंटर्नशिप मिळू शकेल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे. मला टॅली आणि एक्सेलमधलं पिव्होट टेबल येतं. मागच्या वर्षी एका टॅक्स कन्सल्टंटकडे जीएसटीच्या बिलांची एन्ट्री केली आहे. राहण्याची सोय माझी मी करेन. बायोडेटा जोडला आहे. आपल्याला वेळ असेल तेव्हा पाच मिनिटं फोनवर बोलता आलं तर बरं होईल."

खाली नाव, कॉलेज, मोबाइल. बास. हेच सोप्या इंग्रजीत कर. टॅक्स कन्सल्टंटकडचं काम तू दुसऱ्या पानावर छंदांच्या खाली दडवून ठेवलं होतंस, आणि वर काय तर "नेतृत्वगुण, टीमवर्क, सकारात्मक दृष्टिकोन". अरे ते सगळेच लिहितात, बिलं कितीजणांनी एन्ट्री केलीत? राहण्याची ओळ मी मुद्दाम टाकली, नांदेडचं पोरगं इकडं येणार म्हटल्यावर तो प्रश्न पहिला येतो. प्रत्येक कंपनीला वेगळा मेल पाठव, बीसीसीत सगळे पत्ते लपवायची युक्ती इथं नको. आठवडाभर उत्तर नाही आलं तर त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी टाक, नवा मेल नको, म्हणजे जुना खाली दिसतो. त्यानंतर सरळ फोन लाव.

प्रश्न : ताई, मी लातूरला बीबीए करते. पप्पांची छोटी डाळमिल आहे. बाहेरगावच्या एका पार्टीकडे चार महिन्यांपासून पैसे अडकलेत. पप्पा फोन करतात, ते "हो हो, करतो ना" म्हणतात. मी म्हटलं लेटर लिहिते, तर पप्पा म्हणतात कागद गेला की संबंध तुटतो. काय करू?
(लातूर)

पप्पांचं अगदीच चूक नाही गं. आपल्याकडं मोंढ्यात लाखाचा माल जिभेवर जातो आणि बहुतेक वेळा पैसे येतातही, त्यात मधेच कुणी वकिली भाषेतला कागद पाठवला की शेठजींना तो अपमान वाटतो. पण "करतो ना" ला तारीख नसते. म्हणून पहिलं पत्र तक्रारीचं नकोच, हिशोबाचं पाठव. हिशोब पाठवला म्हणून कुणी रुसत नाही, आणि रुसलाच तर तो आधीच रुसायचं ठरवून बसलेला होता असं समज.

साधारण असं (आकडे मी मनाचे टाकलेत) :

"शेठजी, नमस्कार. आपणास पाठवलेल्या तूरडाळीच्या बिल नं. ४१२ चे एकूण १,८५,००० रुपये होते. त्यापैकी १,००,००० रुपये मिळाले, ८५,००० रुपये बाकी आहे. खातेउतारा सोबत जोडला आहे. बाकी बरोबर असल्यास एका प्रतीवर सही-शिक्का करून पाठवावी, फरक असल्यास कळवावे. उरलेली रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल ते गुरुवारपर्यंत सांगावे, म्हणजे पुढच्या गाडीचं आम्हाला ठरवता येईल."

यात "वारंवार सांगूनही", "खेदाने कळवावे लागते" असलं काही नाही. पुढच्या गाडीची ओळ मात्र ठेवच, त्यांना माल लागणार असेल तर ती त्यांना बरोबर कळते. आणि सही-शिक्क्याचं पप्पांना नीट समजावून सांग. मालाच्या पैशाचा दावा लावायला साधारण ३ वर्षांची मुदत असते, त्या मुदतीच्या आत समोरच्यानं लिहून, सही करून बाकी मान्य केली तर मुदत तिथून नव्यानं मोजतात, १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमधे तशी तरतूद आहे. म्हणजे गोड भाषेतल्या एका हिशोबाच्या कागदानं संबंधही राहिला आणि पुरावाही झाला, ते चार महिन्यांच्या फोननं झालं नसतं.

तरी नाहीच हलले तर दुसरं पत्र जरा ताठ. पप्पांचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का बघ. डाळमिल हे उत्पादन आहे, आणि २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढं ठरवता येत नाही, लेखी काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सची नवी भानगड लागू झाली, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी देईल त्या वर्षी धरायची. शेठजी कायद्याला घाबरतील न घाबरतील, त्यांचा सीए याला नक्की घाबरतो. त्यामुळं दुसऱ्या पत्रात उद्यम नंबर आणि ४५ दिवसांचा उल्लेख एका ओळीत, शांतपणे, आणि बिलावरही उद्यम नंबर छापून घ्या. आडतवाल्यांनी, दुकानदारांनी मात्र हे वाचून लगेच पत्र लिहायला बसू नका. व्यापाऱ्यांना २०२१ मधे उद्यमची नोंदणी खुली केली ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही.

प्रश्न : मी जालन्याला स्टील कंपनीत ट्रेनी आहे. सुपरवायझर साहेबांना व्हॉइस नोट पाठवतो, ते ऐकतच नाहीत.
(जालना)

रोलिंग मिलच्या आवाजात कोण ऐकणार रे बाबा. लिही. आणि फोनवर काही ठरलं असेल, रेट, टनेज, गाडीची वेळ, तर फोन ठेवल्या ठेवल्या "आत्ता बोलल्याप्रमाणे" म्हणून एका ओळीत टाकून ठेव, उद्या "मी असं म्हणालोच नव्हतो" होत नाही. चुकून भलतंच गेलं तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो. जीमेलमधे पाठवलेला मेल मागं घ्यायला ३० सेकंदांपर्यंत वेळ मिळतो, पण ते सेटिंगमधे जाऊन वाढवावं लागतं, आपोआप ५ च सेकंद असतात.

प्रश्न : माझं शिक्षण मराठी मीडियमचं, इंग्रजी कच्चं आहे. मी मेल एआयकडून लिहून घेतो. सर म्हणतात ही चीटिंग आहे. तुम्हाला काय वाटतं?
(हिंगोली)

मला चीटिंग वाटत नाही. पूर्वी लोक इंग्रजी पत्र टायपिंगवाल्याकडून लिहून घेतच होते की. अडचण दुसरीच आहे, तू त्याला "इंटर्नशिपसाठी मेल लिही" एवढंच सांगतोस, मग तो "आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल" पासून सुरू करून सगळ्या जगाला दिलेलं तेच तुलाही देतो. एचआरच्या टेबलावर तसले मेल ढिगानं पडलेत. आणि पुढं इंटरव्ह्यूत तुझ्याच मेलमधला शब्द विचारला की तू गप्प.

आधी मराठीत चार ओळी लिही, मी कोण, मला काय पाहिजे, कधी पाहिजे, तुम्ही काय करायचं. चुका असू दे, वहीत लिही पाहिजे तर. मग म्हण, एवढंच इंग्रजीत कर, पदरचं काही घालू नको. जे येईल ते मोठ्यानं वाच आणि जे वाक्य तू स्वतः तोंडानं बोलू शकत नाहीस ते खोडून टाक, मग मेल आखूड झाला तरी होऊ दे, आखूडच बरा. "काइंडली डू द नीडफुल" आपल्याकडं सगळे लिहितात आणि कामं होतातही, पण नीडफुल म्हणजे नेमकं काय ते लिहिलंस तर एक फोन वाचतो. तारखेत महिना अक्षरात लिही. ५/६ म्हणजे आपल्याला ५ जून, अमेरिकन गिऱ्हाइकाला ६ मे. आणि कुणाचा फोन नंबर, खाते नंबर, कंपनीचे रेट एआयमधे टाकत बसू नकोस, एवढं मात्र पाळ.

प्रश्न : मुलीच्या बीकॉमच्या मार्कमेमोवर नाव चुकलंय. दुरुस्तीसाठी दोन वेळा अर्ज दिला, काहीच झालं नाही. तिला नोकरीच्या फॉर्मसाठी हवंय. अर्ज कसा लिहायचा ते सांगाल का? मी तिचा वडील लिहितोय.
(परभणी)

भाऊ, आधी एक विचारते, दिलेल्या अर्जाची पोच आहे का तुमच्याकडं? पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही म्हणून विचारलं. पोच नसेल तर दोन्ही अर्ज दिलेच नाहीत असं धरून चाला. या वेळी दोन प्रती करा, एक द्यायची, दुसऱ्यावर तारीख, शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा, कारकून "ठेवा इथं, बघतो" म्हणाला तरी काउंटर सोडायचं नाही.

मजकुरात "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" यात पहिल्या चार ओळी जातात, त्याची काही गरज नाही. "मार्कमेमोवर छापलेलं नाव" आणि "दहावीच्या प्रमाणपत्रावरचं बरोबर नाव" एकाखाली एक लिहा, बैठक क्रमांक, परीक्षा, वर्ष लिहा, काय काय जोडलंय ते नंबर घालून लिहा. अर्जात एवढा एकच विषय ठेवा, त्यात स्कॉलरशिपचं पण घातलं की दोन टेबलं फिरत बसतो तो कागद. आणि अर्ज मुलीच्या सहीनं जाऊ द्या, तिलाच लिहायला सांगा, बीकॉम झालीये ती.

महिनाभरात हललं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा, "माझ्या अमुक आवक नंबरच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, तो सध्या कुणाकडे आहे." १० रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवायचा असतो, तेव्हा मनातला सगळा राग तिथं काढता येत नाही, ते एका अर्थी बरंच आहे.

प्रश्न : माझा ईमेल आयडी अकरावीत काढलेला आहे, त्यात "किंग" आणि "रॉयल" दोन्ही आहे. बदलावा लागेल का? सगळीकडे तोच दिलाय.
(धाराशिव)

नोकरीसाठी बदलच राजे. नाव, आडनाव, फार तर एखादा आकडा, एवढाच नवा काढ आणि बायोडेटावर तो टाक. जुना बंद मात्र करू नको, बँक, आधार, परीक्षेचे फॉर्म सगळं त्याच्यावर असणार. जुन्याचे मेल नव्यावर आपोआप फॉरवर्ड होतील असं सेटिंग जीमेलमधे आहे, ते कॉम्प्युटरवरून लाव, फोनच्या ॲपमधे शोधत बसशील.