'परस्पर मान्यता' का खटकते?

प्रश्न असा आला आहे: युरोपातल्या व्यापारावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना 'म्यूच्युअल रेकग्निशन' हा शब्द अडला. यंत्राने 'परस्पर ओळख' असं दिलं, संपादकांनी ते बदलून 'परस्पर मान्यता' केलं. वाक्य झालं, 'दोन्ही देशांनी नियमांना परस्पर मान्यता दिली.' तरी वाचताना काहीतरी खटकतं. ते काय आहे आणि दुसरा शब्द आहे का?

'ओळख' बाद, त्यावर फार वेळ घालवायला नको. ओळखीत 'लक्ष्' धातू आहे, ती नजरेची गोष्ट आहे. मान्यतेत 'मन्' धातू आहे, ती ठरवून द्यावी लागते. भारताने ६ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशाला दिली ती मान्यता; ओळख त्याच्या कितीतरी आधीची होती. इंग्रजीला दोन्हींसाठी एकाच शब्दावर भागवावं लागतं. आपल्याकडे दोन आहेत, ते मिसळू नयेत.

खटकतो तो 'परस्पर'. संस्कृतात परः परः मिळून परस्पर झाला, अन्य आणि अन्य मिळून अन्योन्य झाला तसाच. अर्थ सरळ आहे: एकाचं दुसऱ्याशी आणि दुसऱ्याचं एकाशी. 'परस्पर सहकार्य', 'परस्परविरोधी' यांत तो अर्थ शाबूत आहे. पण क्रियापदाच्या आधी हा शब्द सुटा येऊन बसला की मराठी कानाला वेगळंच ऐकू येतं. 'पगारातून हप्ता परस्पर कापला जातो.' 'तू ऑफिसातून परस्पर स्टेशनवर ये.' इथे तो नुसता 'थेट' आहे, मधला टप्पा गाळून. आणि पुढे: 'भावाने जमीन परस्पर विकली.' 'काकांनी लग्न परस्पर ठरवलं.' इथे गाळला गेलेला टप्पा म्हणजे ज्याला विचारायला हवं होतं तो माणूस. आता मूळ वाक्य पुन्हा वाचा: 'नियमांना परस्पर मान्यता दिली.' कुणाला न विचारता देऊन टाकली, असाच अर्थ पहिल्यांदा लागतो. संपादकांचा शब्द चुकीचा नाही, पण वाक्यातल्या जागेने त्याचा घात केला आहे.

या संकल्पनेचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पाहिलं की मराठीत ती कशी मांडायची हे आपोआप सुचतं. फ्रान्समध्ये ब्लॅककरंट फळापासून 'कासिस द दिजाँ' नावाचं गोड मद्य बनतं. त्यात अल्कोहोल १५ ते २० टक्के. जर्मनीचा नियम होता की फळांच्या लिकरमध्ये ते किमान २५ टक्के हवं. १९७६ मध्ये रेवे या जर्मन कंपनीने हे मद्य आणायचं ठरवलं तेव्हा तिला उत्तर मिळालं, की आणायला परवाना लागत नाही, पण इथे विकता येणार नाही. जर्मन सरकारने कोर्टात एक कारण आरोग्याचंही दिलं: सौम्य पेयांनी लोकांना दारूची सवय लवकर लागते. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला ते पटलं नाही. बाजारात सौम्य पेयं आधीच भरपूर होती आणि कडक मद्यही लोक पाणी मिसळूनच पीत होते. गिऱ्हाईक फसू नये एवढीच काळजी असेल, तर बाटलीच्या लेबलावर टक्केवारी लिहिली की पुरे. २० फेब्रुवारी १९७९ च्या या निकालाचं सार मराठीत पाच शब्दांत मावतं: तिथे चालतं ते इथेही चालतं. आरोग्य, ग्राहकांचं संरक्षण अशा खऱ्या कारणासाठी अडवता येतं, पण ते कारण अडवणाऱ्याने पटवून द्यायचं.

मला या पद्धतीचं फार कौतुक वाटतं. फ्रान्सने आपली कृती बदलली नाही आणि जर्मनीला आपल्या कारखान्यांसाठी २५ टक्क्यांचा नियम ठेवायची मोकळीक राहिली. सगळ्यांसाठी एकच नियम करायचा तर प्रत्येक पदार्थावर वर्षानुवर्षं वाटाघाटी कराव्या लागतात. इथे नियम वेगळेच राहतात, फक्त शेजाऱ्याची तपासणी आपलीच समजायची. अर्थात शेजाऱ्याच्या तपासनिसावर तेवढा भरवसा हवा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात १ मे १९९८ पासून अशीच व्यवस्था आहे आणि ती नोंदणी लागणाऱ्या व्यवसायांनाही लागू आहे: ऑकलंडची नोंदणीकृत नर्स त्या नोंदणीच्या आधारावर सिडनीत नोंदणी मागू शकते. डॉक्टरांना मात्र या व्यवस्थेतून वगळलं आहे. भरवशाची हद्द कुठे आखली, हे अशा अपवादांत दिसतं.

कुणी 'समकक्षता' सुचवेल. तो शब्द विद्यापीठांच्या प्रवेशातून आपल्या ओळखीचा आहे, पण तो तुलना करतो: तुमची पदवी आमच्या अमुक पदवीच्या तोडीची. कासिसच्या खटल्यात १५ टक्के हे २५ च्या तोडीचे आहेत असं कुणीच म्हटलं नव्हतं. ते चालतील, एवढंच ठरलं.

तेव्हा नाम हवं असेल तर 'परस्परमान्यता' असं जोडून लिहा. 'परस्परमान्यतेचं तत्त्व', 'परस्परमान्यता करार'. समासात 'परस्पर' जागेवर राहतो, 'थेट'कडे घसरत नाही. वाक्यात क्रियापद येणार असेल तर तो शब्द टाळाच. 'एकमेकांचे' घ्या आणि 'मानणे' वापरा. मोठ्यांचा शब्द मानतो, पंचांचा निवाडा मानतो, तसाच दुसऱ्या देशाचा नियम मानतो.

सुटा 'परस्पर' शोभेल अशी एक जागा मात्र आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. तरी १ जुलै २०१० पासून त्याने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून संघातल्या देशांत रीतसर विकला जाणारा बहुतेक माल आपल्या बाजारात येऊ दिला, बदल्यात तशी सवलत न घेता. तिथे 'स्वित्झर्लंडने युरोपचे नियम परस्पर मान्य केले' हे वाक्य बिनचूक आहे.

तुमचं वाक्य मी असं करीन: 'दोन्ही देशांनी एकमेकांचे नियम मान्य केले.'