सायकल शंका-समाधान : ट्रॅकची सायकल रस्त्यावर आणताना

प्रश्न : स्टीलची जुनी ट्रॅक सायकल (शर्यतीच्या गोल धावपट्टीवरची) स्वस्तात मिळाली. पुढे ४९ दाती चेनव्हील, मागे १४ दाती फिक्स कॉग (चाकाला घट्ट बसवलेलं दातेरी चक्र), ब्रेक एकही नाही. बाणेर ते डेक्कन रोज कामाला जायला वापरायची आहे. आमचे मेकॅनिक म्हणतात, मागे फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं दातेरी चक्र) टाकू, झालं काम. तेवढं पुरेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फ्रीव्हील टाकायला अर्धा तास पुरतो, आणि धोका नेमका तिथेच आहे. ट्रॅक सायकलीत कॉग हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, घट्ट असतो. चाक फिरतंय तोवर पायडल फिरतं, आणि पायाने उलटा जोर दिला की वेग उतरतो. फ्रीव्हील आलं की पायांचा हा ब्रेक गेला. मग थांबायला चप्पल घासण्यावाचून दुसरा उपाय नाही. म्हणून आधी पुढचा ब्रेक, मग मागचा, आणि फ्रीव्हील अगदी शेवटी.

पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या क्राउनमध्ये, म्हणजे त्याचे दोन्ही पाय जिथे वर जुळतात त्या भागात, समोरून मागे आरपार भोक आहे का ते पाहा. असेल तर नशीब. नसेल तर ड्रिल मारून घेऊ नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. ब्रेक दाबल्यावर सगळ्यांत जास्त ताण क्राउनवर आणि त्याच्या वरच्या नळीच्या बुडाशी येतो. भोकासाठी न घडवलेल्या क्राउनला तडा गेला तर तो बाहेरून दिसेलच असं नाही, आणि चिमटा मोडतो तो चालत्या सायकलीवर. त्याऐवजी १ इंची, आट्यांचा, भोक असलेला स्टीलचा रोड चिमटा घ्या. घेताना तीन मापं जुळवा. वरच्या नळीची लांबी जुन्याइतकीच हवी. खालची बेअरिंग रेस (बेअरिंगची कडी) बसते तो व्यास व्हर्नियरने मोजा, कारण २६.४ आणि २७.० मिमी अशी दोन मापं चालतात. चुकलं तर रेस एक तर सैल बसते, नाही तर ठोकताना फुटते. तिसरं माप पुढच्या वळणाचं, म्हणजे रेकचं. ट्रॅकच्या चिमट्याला ते ३० ते ३५ मिमी असतं, रोडच्या चिमट्याला ४० ते ४५. रेक वाढला की हँडल थोडं चुळबुळं होतं, पण चाक पुढे सरकल्याने वळताना बुटाचं टोक टायरला घासणं कमी होतं. शहरासाठी ४० मिमी ठीक.

मागे सीटखालच्या दोन नळ्यांना जोडणारी आडवी पट्टी बघा. तिला भोक असेल तर ब्रेक तिथे लावा. नसेल तर कोस्टर हब, म्हणजे पायडल उलटं मारल्यावर लागणारा ब्रेक, हा चांगला मार्ग. चाक आरे लावून नव्याने भरावं लागतं आणि ब्रेकचा दांडा चेनच्या समांतर नळीला पट्टीने आवळावा लागतो. तो ढिला राहिला तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला गरकन फिरतो. फ्रेमच्या मागच्या फटीचं माप बहुधा १२० मिमी असतं, फार जुन्यावर ११० देखील. कोस्टर हब सहसा त्याहून अरुंद असतो. कमी पडेल तिथे दोन्ही बाजूंना वायसर भरा, पण फ्रेम दाबून जवळ आणू नका. मात्र कोस्टर हबमध्ये चेन निसटली की मागचा ब्रेकही गेला, त्यामुळे पुढचा ब्रेक टाळता येत नाही. कोस्टर घेतलात तर फ्रीव्हील लागत नाही. हबच्या कॉगचे दाते खालच्या हिशेबाने निवडा.

चाकांवर चिकटवायचे टायर असतील तर तेही बदला. ते पंक्चर झाले की शिवण उसवून आतली ट्यूब काढावी लागते. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ते काम होत नाही. ७०० सी मापाचे, ब्रेक घासायला सपाट कडा असलेले रिम घ्या, हबला असतील तितक्याच भोकांचे, ३२ किंवा ३६. टायर २५ मिमी. फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना ४ मिमी जागा उरत असेल तरच २८.

आता गिअर. ४९ भागिले १४ म्हणजे ३.५. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ७.३ मीटर जाते. शर्यतीच्या ट्रॅकवर ते ठीक, सिग्नल सुटल्यावर गुडघ्यांना जड. चेनव्हील तसंच ठेवून मागे २० दाती फ्रीव्हील लावा : गुणोत्तर २.४५, एका फेऱ्याला सुमारे ५.१ मीटर, मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी २४-२५ किमी. साध्या काळ्या सायकलीचं १८ दाती फ्रीव्हील लगेच मिळेल. त्याने फेऱ्याला ५.७ मीटर होतात. सपाट रस्त्याला चालेल, चढाला जड जाईल. दाते वाढल्याने जुनी चेन आखूड पडते, तेव्हा नवी घ्या. साध्या सायकलीची अर्धा इंच गुणिले एक अष्टमांश इंची चेन इथे बिनबोभाट चालते. गिअरच्या सायकलीची अरुंद चेन मात्र ट्रॅकच्या जाड दात्यांवर बसत नाही.

फ्रीव्हील लावण्याआधी आट्यांना ग्रीस लावा. कोरडं बसवलेलं फ्रीव्हील पुढे काढताना रडवतं. हाताने तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत. अडलं तर आटे वेगळ्या मापाचे आहेत, पाना लावून दामटू नका.

प्रश्न : कॉग निघतच नाही. पान्याला पाईप लावूनही हलला नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बहुधा लॉकरिंग (कॉग अडवून धरणारी बाहेरची कडी) काढायची राहिली आहे, किंवा उलटीकडे फिरवली जात आहे. कॉगचे आटे नेहमीचे, पण त्याच्या बाहेरच्या लॉकरिंगचे आटे उलटे असतात. पायाने वेग उतरवताना कॉग ढिला व्हायला बघतो आणि लॉकरिंग त्याला अडवते. म्हणून ती काढताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, हुकाच्या पान्याने. छिन्नी-हातोडी लावलीत तर खाचा जातात. नंतर कॉगला चेनचा पाना लावा. तो धरून ठेवायचा आणि चाक पुढे, म्हणजे सायकल चालते त्या दिशेने, फिरवायचं. गंज असेल तर आट्यांवर पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा. कॉग निघाल्यावर पाहा : लॉकरिंगचे आटे लहान व्यासाचे, पायरीसारखे बाहेर असतात. फ्रीव्हीलला त्यांची पकड मिळत नाही, मागच्या आट्यांचीच मिळते. हबला दुसऱ्या बाजूला पायरी नसलेले आटे असतील तर फ्रीव्हील तिथेच लावा, चाक उलटवून.

प्रश्न : नवी चेन टाकल्यापासून कुरकुर आवाज येतो आणि आठवड्यात दोनदा चेन पडली. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन कारणं शक्य आहेत. चेनव्हील आणि फ्रीव्हील एका रेषेत नसतील. लांब सरळ पट्टी चेनव्हीलच्या दात्यांना टेकवून मागे धरा. फरक २ मिमीपेक्षा जास्त असेल तर बीबीचा, म्हणजे पायडलच्या दांड्यांमधल्या बेअरिंगचा, ॲक्सल चुकीच्या लांबीचा आहे, किंवा हबवर वायसर कमी-जास्त झाले आहेत. दुसरं कारण ताण. मधोमध चेन वर-खाली मिळून १० ते १२ मिमी हलली पाहिजे. पायडल पूर्ण फिरवत चार ठिकाणी तपासा, कारण चेनव्हील थोडं वाकडं बसलेलं असेल तर एका जागी चेन तणते आणि दुसरीकडे लोंबते. मग सर्वांत घट्ट जागेवर ताण ठरवा. चाक मागे ओढून आधी उजवा नट आवळा, टायर मधोमध आणा, मग डावा. १५ चा पाना, आणि नटाखाली वायसर हवाच.

प्रश्न : मडगार्ड आणि कॅरिअर बसेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ट्रॅक फ्रेमला ना भोकं असतात ना जागा. पावसाळ्यासाठी सीटच्या नळीला आवळायचा मागचा मडगार्ड घ्या. तो चिखल पाठीवर उडू देत नाही, पायांवर उडतोच. सीटच्या नळीवरच्या कॅरिअरला डबा आणि रेनकोट पुरे. त्याच्यावर लिहिलेलं वजन ओलांडू नका, आणि पातळ नळीच्या फ्रेमला कॅरिअरचे पाय वेल्ड करून घेऊ नका.