मारहाणीनंतर पोलिसांनी एफआयआर न घेता एनसी का दिली?

शेजाऱ्याने मारहाण केल्यावर सोलापुरातील पोलीस ठाण्यात फक्त एनसी मिळाली, ती का आणि पुढे काय करावे, असा आपला प्रश्न आहे. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खालील साधी दुखापत त्यात मोडते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. मात्र हाड मोडले किंवा नुसता एक दात जरी निखळला, तरी कायद्याने ती गंभीर दुखापत ठरते, गुन्हा दखलपात्र होतो आणि एफआयआर नोंदवणे पोलिसांचे कर्तव्य असते. म्हणून सिव्हिलमधल्या वैद्यकीय दाखल्यावर डॉक्टरांनी ‘साधी’ लिहिले आहे की ‘गंभीर’, हे आधी नीट वाचा. माझ्या मते बहुतेक प्रकरण त्या एका शब्दावर फिरते. दाखल्यावर ‘गंभीर’ असूनही नकार मिळाला, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांकडे, म्हणजे शहरात पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तरीही दखल घेतली गेली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या अर्जासोबत टपालाची पावती जोडावी लागेल, ती हरवू देऊ नका.