ब्रॉयलर की लेयर: 1000 पक्ष्यांनी सुरुवात करायची तर फायदा कशात?

तुम्ही विचारलंय, 1000 पक्षी घ्यायचे तर मांसाचे ब्रॉयलर की अंड्यांचे लेयर? मी दोन्ही पाळलेत. नफ्याच्या आधी एक बघा: एकही पैसा हातात न येता तुम्ही किती आठवडे खाद्य विकत घेऊ शकता?

लेयर अंड्यावर यायला 18 ते 20 आठवडे लागतात. तोवर एकेक तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) 6 किलोच्या आसपास खाद्य खाते, म्हणजे हजारामागे 6 टन. नवीन माणूस इथेच अडकतो. मीही अडकलो होतो. चौदाव्या-पंधराव्या आठवड्यात पैसे संपत आले, खाद्यात हात आखडता घेतला, पक्षी वजनात मागे राहिले आणि त्या लॉटने पुढे कधीच पुरती अंडी दिली नाहीत. हा टप्पा नीट पार पडला तर मात्र 72 आठवड्यांपर्यंत कोंबडी 300 च्या आसपास अंडी देते. रोज पैसा येतो, पण रोज साधारण 110 किलो खाद्यही लागतं. 80 टक्के अंडी मिळत असतील तर एका अंड्यामागे 137 ग्रॅम खाद्य पडतं, 65 टक्क्यांवर आलं की तेच 169 ग्रॅम. हा आकडा रोज वहीत लिहा. तोटा आधी तिथेच दिसतो.

ब्रॉयलर 6 आठवड्यांत 2 किलोच्या पुढे जातो, पैसा लवकर सुटतो. पण विक्रीच्या आठवड्यात भाव पडला तरी पक्षी थांबवून ठेवता येत नाही. वजन वाढत जातं तसं किलोमागचं खाद्यही वाढतं. एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे लागणारं खाद्य, 1.6 वरून 1.7 झाला तर हजार पक्ष्यांत 200 किलो खाद्य जास्त जातं. ते बरेचदा शेडमध्ये अंथरलेल्या तुसाच्या ओलीमुळे, गळक्या निपलमुळे (पक्षी पाणी पितात ती तोटी) जातं. मी रोज सकाळी निपलखालचं तूस मुठीत दाबून बघतो. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते तूस लगेच बाहेर. नाहीतर दोन दिवसांत अमोनियाने डोळे चुरचुरतात, आपले आणि पक्ष्यांचेही.

दीर्घकाळात मला लेयरने जास्त दिलं. तरी तुम्ही आधी ब्रॉयलरच्या तीन-चार बॅच काढा. त्यात ब्रूडिंग (लहान पिल्लांना ऊब देणं), लस, मरतुकीची नोंद सगळं हाताखालून जाईल, आणि चूक झालीच तर ती 6 आठवड्यांपुरती राहील. 20 आठवड्यांच्या खाद्याचे पैसे बाजूला पडले की मग लेयरची पिल्लं आणा.