वाचकांचे प्रश्न : सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम – कोणत्या पायरीचा किती उपयोग?

विमान कंपन्यांच्या सभासद योजनांबद्दल पुण्याच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं दिली आहेत. या योजनांचे नियम दर एक-दोन वर्षांनी बदलतात. म्हणून खाली दिलेले आकडे तिकीट काढण्यापूर्वी आपल्या योजनेच्या नियमांशी एकदा ताडून घ्यावेत.

प्रश्न : ऑफिसच्या कामासाठी वर्षातून तीनदा फ्रँकफुर्टला जातो. कधी पुणे–दिल्ली–फ्रँकफुर्ट असा एअर इंडियाने, तर कधी मुंबईहून थेट लुफ्तांझाने. दोन्हीकडे सभासद आहे आणि दोन्हीकडे थोडेथोडे पॉइंट्स साठलेत, पण वरची पायरी कुठेच मिळत नाही. कोणती योजना धरावी? – एक वाचक, बाणेर

उत्तर : कोणतीही धरा, पण एकच धरा. दोन्ही कंपन्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत (एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून), त्यामुळे लुफ्तांझाच्या प्रवासाचे पॉइंट्स एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात आणि एअर इंडियाचे लुफ्तांझाच्या खात्यात. मात्र एका उड्डाणाचे पॉइंट्स एकाच खात्यात पडतात. तुमची सध्याची स्थिती दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी झाली आहे.

आता पायऱ्या. कार्डावर कंपनी काहीही नाव छापो, स्टार अलायन्सच्या लेखी दोनच पायऱ्या आहेत : स्टार सिल्व्हर आणि स्टार गोल्ड. एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये रेड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम असे चार टप्पे आहेत, पण गोल्ड आणि प्लॅटिनम हे दोन्ही अलायन्समध्ये स्टार गोल्डच धरले जातात. म्हणजे एअर इंडियाचा प्लॅटिनम सभासद लुफ्तांझाच्या किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या काउंटरवर उभा राहिला, तर त्याला मिळतं ते गोल्डवाल्याइतकंच. प्लॅटिनमचं जास्तीचं सगळं एअर इंडियाच्या घरात.

स्टार सिल्व्हरला दुसऱ्या कंपनीच्या विमानात मिळतं ते वेटिंग लिस्टमध्ये आणि स्टँडबायवर थोडं प्राधान्य. बस. लाउंज नाही, जादा बॅग नाही. स्टार गोल्डला लाउंज (सोबत एक पाहुणा), चेक-इनचा वेगळा काउंटर, आधी बोर्डिंग आणि सामान आधी बाहेर येण्यासाठी प्रायॉरिटी टॅग मिळतो. शिवाय वजनावर मोजणी असेल तिथे २० किलो जादा आणि नगांवर मोजणी असेल तिथे एक जादा बॅग. खरी उडी सिल्व्हर ते गोल्ड ही आहे. गोल्डच्या पुढे धावायचं की नाही, हे एकाच कंपनीने तुम्ही किती फिरता यावर ठरवा.

यात लोक नेमके अडखळतात त्या तीन जागा सांगतो. पहिली, विमान प्रत्यक्ष कोण उडवतंय ती. इंडिगो स्टार, वनवर्ल्ड किंवा स्कायटीम या तिन्ही अलायन्सपैकी कुठेच नाही. एअर इंडिया एक्सप्रेस टाटांचीच असली, तरी स्टार अलायन्सची सदस्य नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून तुम्ही यांपैकी एखाद्या विमानाने निघालात, तर त्या टप्प्यावर तुमच्या स्टार गोल्डला किंमत शून्य. कोडशेअर तिकिटावर (क्रमांक एका कंपनीचा, विमान दुसरीचं) ‘ऑपरेटेड बाय’च्या पुढे लिहिलेलं नाव वाचा, विमानाच्या क्रमांकावर जाऊ नका. दुसरी जागा वेगळ्या तिकिटांची. पुणे–दिल्ली इंडिगोचं आणि दिल्ली–फ्रँकफुर्ट एअर इंडियाचं अशी दोन सुटी तिकिटं काढली, तर पॉइंट्सचं सोडाच, सामानही दिल्लीत उतरवून पुन्हा टाकावं लागतं, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. तिसरी जागा सुरक्षा तपासणीची. तिथली वेगळी रांग हा स्टार गोल्डचा सगळीकडचा हक्क नाही, काही ठरावीक विमानतळांवरच ती मिळते. घरून निघायची वेळ तिच्या भरवशावर ठरवू नका.

आता तुमच्यापुरती निवड. लुफ्तांझाच्या माइल्स अँड मोअरमध्ये जानेवारी २०२४ पासून नवी मोजणी आहे. फ्रीक्वेंट ट्रॅव्हलर ही त्यांची स्टार सिल्व्हरची पायरी, सेनेटर ही स्टार गोल्डची. फ्रीक्वेंट ट्रॅव्हलर होण्यासाठी एका कॅलेंडर वर्षात ६५० पॉइंट्स लागतात आणि त्यांतले ३२५ क्वालिफाइंग पॉइंट्स असावे लागतात. सेनेटरसाठी २,००० आणि त्यांत १,००० क्वालिफाइंग. क्वालिफाइंग पॉइंट्स लुफ्तांझा समूहाच्या आणि योजनेतल्या थोड्या जोडीदार कंपन्यांच्या विमानांवरच मिळतात, एअर इंडियाच्या विमानावर नाहीत. तुमच्या दिल्लीमार्गे केलेल्या फेऱ्या तिथे निम्म्या वाया जातात त्या इथे. तिकिटाची किंमत तिथे मोजत नाहीत, वर्ग आणि मार्ग मोजतात. बिझनेस क्लासमध्ये दुसऱ्या खंडात जाणाऱ्या एका उड्डाणाला २०० पॉइंट्स, म्हणजे पाच जाऊन-येऊन फेऱ्यांत सेनेटर. इकॉनॉमीत याहून खूपच कमी मिळतात, तीन फेऱ्यांत काहीच हाती लागत नाही.

एअर इंडियाने एप्रिल २०२४ पासून आपल्या विमानांवरची मोजणी अंतरावरून काढून खर्चावर आणली. ऑफिस आयत्या वेळी महाग तिकीट काढत असेल, तर तुम्हाला हेच सोयीचं. शिवाय पुणे–दिल्लीचे सुटे प्रवासही त्याच खात्यात जमा होतात. तुम्ही इकॉनॉमीने जाता असं गृहीत धरून आमचं मत महाराजा क्लबच्या बाजूने आहे. ऑफिस बिझनेस क्लास देत असेल आणि मुंबईहून निघायची तयारी असेल, तर लुफ्तांझा. त्यांचा फ्रीक्वेंट ट्रॅव्हलर अलायन्सच्या लेखी फक्त स्टार सिल्व्हर असतो, तरी लुफ्तांझाने उडताना त्याला त्यांच्याच बिझनेस लाउंजमध्ये जाता येतं. फ्रँकफुर्टला चार तास काढायचे असतील तेव्हा याचं मोल कळतं.

प्रश्न : मुलगा एअर इंडियाचा गोल्ड सभासद आहे. आम्ही दोघं त्याच्याकडे अमेरिकेला जाणार आहोत. त्याचा नंबर टाकून आम्हाला जादा बॅग मिळेल का? – एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही. जादा बॅगचा हक्क प्रवास करणाऱ्या सभासदाचा स्वतःचा असतो. तुमच्या तिकिटावर त्याचा नंबर टाकला, तर नाव जुळत नाही म्हणून तो बाद होतो आणि तुमचे पॉइंट्सही कुणाच्याच खात्यात पडत नाहीत. तो तुमच्याबरोबर त्याच विमानात असेल, तर लाउंजमध्ये तुमच्यापैकी एकाला पाहुणा म्हणून नेऊ शकतो. दुसऱ्याला नाही.

अमेरिकेच्या मार्गावर सामान नगांवर मोजतात. इकॉनॉमीतली एक बॅग २३ किलोंपर्यंत, आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत. २३ किलोंच्या दोन बॅगांऐवजी ४६ किलोंची एक चालत नाही. एका बॅगेत २६ आणि दुसरीत २० किलो असले, तरी पहिलीवर ओव्हरवेटचे पैसे लागतात. लोणच्याच्या बरण्या आणि भाजणी-मसाल्याची पाकिटं दोन्ही बॅगांत सारखी वाटा आणि घरच्या काट्यावर दोन्ही वेगवेगळ्या तोलून घ्या. वर्षातून एकदा जाणाऱ्यांनी स्टेटसच्या मागे लागू नये. तिसरी बॅग हवीच असेल, तर ती आधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर ती सहसा महाग पडते.

प्रश्न : क्रेडिट कार्डाचे दोन लाख पॉइंट्स एका विमान कंपनीत वळवले. तरी गोल्ड झालो नाही. असं का? – एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : खात्यात दोन वेगळ्या मोजण्या असतात. एक, खर्च करायचे माइल्स किंवा पॉइंट्स. दुसरी, स्टेटसची : कुठे टिअर पॉइंट्स, कुठे टिअर माइल्स, कुठे एलिट माइल्स, कुठे क्यूपॉइंट्स. कार्डावरून वळवलेले पॉइंट्स पहिल्या हिशेबात जातात. दुसरा हिशेब सर्वसाधारणपणे उडण्यानेच वाढतो. माइल्स देऊन काढलेल्या फुकट तिकिटावर केलेला प्रवासही बहुतेक योजनांत स्टेटससाठी धरत नाहीत. तुमचे दोन लाख बुडालेले नाहीत, ते तिकिटासाठी किंवा अपग्रेडसाठी वापरा. मुदत तेवढी आजच बघून ठेवा.

प्रश्न : दर दीड महिन्याला दुबईला जातो, मुंबईहून. एमिरेट्स घ्यावं की दोहामार्गे कतार? – एक वाचक, वाकड

उत्तर : एमिरेट्सच्या स्कायवर्ड्समध्ये सिल्व्हरसाठी २५,००० टिअर माइल्स किंवा २५ उड्डाणं, गोल्डसाठी ५०,००० किंवा ५० उड्डाणं, प्लॅटिनमसाठी १,५०,००० टिअर माइल्स लागतात. मुंबई–दुबई हे अंतर लहान, म्हणून तुमच्यासारख्याला माइल्सपेक्षा उड्डाणांच्या संख्येवर लवकर गाठता येतं. दीड महिन्याला एक फेरी म्हणजे वर्षाला आठ फेऱ्या, सोळा उड्डाणं. सिल्व्हरला नऊ कमी पडतात. दर महिन्याला एक फेरी झाली तरी चोवीसच होतात, एक अजूनही कमी! अशा वेळी घरच्यांबरोबरची एखादी सहल एमिरेट्सने करून आकडा पुरा करण्यात अर्थ आहे.

वजनावर मोजणी होते त्या मार्गांवर (भारत–दुबई त्यांतला) सिल्व्हरला १२, गोल्डला १६ आणि प्लॅटिनमला २० किलो जादा मिळतात. सिल्व्हरला दुबईतलं बिझनेस लाउंजही मिळतं. एमिरेट्स तिन्ही अलायन्सच्या बाहेर आहे, त्यामुळे हे स्टेटस घेऊन तुम्ही इतर कंपन्यांकडे गेलात तर ते फारसं चालत नाही.

कतारच्या प्रिव्हिलेज क्लबमध्ये सिल्व्हरला १५०, गोल्डला ३०० आणि प्लॅटिनमला ६०० क्यूपॉइंट्स लागतात. एकदा मिळाल्यावर टिकवायला थोडे कमी पुरतात : १३५, २७० आणि ५४०. कतार वनवर्ल्डमध्ये असल्याने हे अनुक्रमे रुबी, सॅफायर आणि एमरल्ड ठरतात. सॅफायरपासून ब्रिटिश एअरवेज, कॅथे पॅसिफिक, जपान एअरलाइन्स यांच्याकडेही बिझनेस लाउंज उघडतं, रुबीला नाही. दोहामार्गे गेलात तर एका फेरीत दोनाऐवजी चार उड्डाणं पडतात आणि पॉइंट्स लवकर वाढतात, पण प्रत्येक वेळी काही तास जातात. केवळ दुबईच करायचं असेल, तर आम्ही ते तास गमावायला सांगणार नाही. एमिरेट्स घ्या. युरोप-अमेरिकाही होत असेल, तर कतारचा विचार करा. दोन्हीकडे एकच काळजी : सर्वांत स्वस्त भाड्यावर टिअर माइल्स किंवा क्यूपॉइंट्स कमी मिळतात. तिकीट काढताना भाड्याच्या प्रकारासमोर किती मिळणार ते लिहिलेलं असतं, ते वाचून मगच पैसे भरा.

प्रश्न : वर्षातून तीनदा लंडनला जाऊन ब्रिटिश एअरवेजचं सिल्व्हर टिकवत होतो. आता ते कसं टिकवू? – एक वाचक, कल्याणीनगर

उत्तर : १ एप्रिल २०२५ पासून त्यांनी मोजणी खर्चावर आणली. पात्र खर्चाच्या एका पौंडाला एक टिअर पॉइंट, आणि सरकारी कर व विमानतळ शुल्क त्यात धरत नाहीत. ब्राँझला ३,५००, सिल्व्हरला ७,५०० आणि गोल्डला २०,००० लागतात. पूर्वी सिल्व्हरला ६०० टिअर पॉइंट्स पुरत होते आणि ते अंतर व वर्ग बघून मिळत. आता करांशिवाय ७०० पौंडांचं तिकीट धरलं, तर तीन फेऱ्यांचे २,१०० होतात. ब्राँझही हुकतं. इकॉनॉमीने जात असाल, तर सिल्व्हरचा नाद सोडा. ब्रिटिश एअरवेजच्याच विमानाने जाऊन नंबर कतारचा टाकता येतो, पण थोडी उड्डाणं कतारची स्वतःची असावीत अशी अट तिथे आहे. साठलेले एव्हिऑस (खर्च करायचे पॉइंट्स) बुडत नाहीत. दोन्ही कंपन्यांची खाती जोडून ते इकडून तिकडे नेता येतात.

प्रश्न : दोन उड्डाणांचे पॉइंट्स जमाच झाले नाहीत. काय करावं? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी नाव बघा. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत असतं, आणि पुष्कळदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच ओळीत येतं. तिकिटावर ती दोन्ही नावं जोडून छापली जातात. सभासद खातं मात्र ‘नाव-आडनाव’ एवढ्यावरच उघडलेलं असतं. नाव जुळत नाही आणि पॉइंट्स अडकतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, त्यासाठी पासपोर्टची प्रत मागतात.

दुसरं कारण ट्रॅव्हल डेस्कचं. ऑफिसच्या नोंदीत तुमचा जुना, दुसऱ्या योजनेचा नंबर असतो आणि तिकिटाबरोबर तोच जातो. चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासवर छापलेला नंबर तपासा आणि चुकीचा असेल तर तिथेच बदलून मागा. एकदा पॉइंट्स चुकीच्या खात्यात पडले, की दुसरीकडे हलवत नाहीत.

राहून गेलेले पॉइंट्स मागायला ई-तिकीट नंबर लागतो. हा तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात : एअर इंडिया ०९८, लुफ्तांझा २२०, एमिरेट्स १७६, कतार १५७, ब्रिटिश एअरवेज १२५. सहा अक्षरांचा पीएनआर इथे पुरत नाही. प्रवासानंतर आठ-दहा दिवस थांबा, मग योजनेच्या संकेतस्थळावर ‘मिसिंग माइल्स’चा अर्ज भरा आणि बोर्डिंग पासचा फोटो जोडा. मोबाइलमधला बोर्डिंग पास काही दिवसांनी ॲपमधून निघून जातो, म्हणून विमानात बसण्यापूर्वीच स्क्रीनशॉट काढून ठेवा. अर्जाला मुदत असते. ती टळली की मग कागद कितीही पक्के असोत, पॉइंट्स मिळत नाहीत.